ऑफिसातलं रहस्य

रहस्यकथा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? जुना वाडा, अमावास्येची रात्र, करकरणारं दार आणि काळा कोट घातलेला गुप्तहेर. वाचनालयातून आणलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्या दुपारच्या वेळी चोरून वाचणाऱ्या आपल्या आई-मावश्यांना तर हे जग पाठच होतं. पण जिथे दहा ते पाच खुर्चीत बसायचं, चहा प्यायचा, साहेबांची बोलणी खायची, त्या साध्यासुध्या ऑफिसात खून झाला तर? हा विचार एका बाईने फार पूर्वी केला आणि त्यावर एक झकास कादंबरी लिहिली. तिचं नाव डोरोथी सेयर्स. गंमत म्हणजे त्याच ऑफिसात नोकरी करताना तिने स्वतःचं एक मोठं रहस्य पोटाशी धरून ठेवलं होतं!

डोरोथीचा जन्म 13 जून 1893 रोजी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला झाला. वडील धर्मोपदेशक आणि शाळेचे मुख्याध्यापक. एकुलती एक लेक. ती जेमतेम सहा-सात वर्षांची असताना वडिलांनी तिला लॅटिन शिकवायला घेतलं. तेव्हा घरोघरी मुलींना शिवण-टिपण आणि पियानो शिकवत, इथे बाप लेकीला लॅटिनची रूपं घोकायला लावत होता. पोरगीही हुशार निघाली. 1912 साली शिष्यवृत्ती मिळवून ती ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात गेली आणि 1915 साली पहिल्या वर्गात पास झाली.

पास झाली खरी, पण पदवी मात्र मिळाली नाही. कारण? ती बाई होती म्हणून! मुलींनी तिथे शिकावं, परीक्षा द्यावी, पहिलं यावं, पण पदवीचा कागद मागू नये, असा तिथला नियम होता. तो नियम 1920 साली बदलला. ज्या पहिल्या बायकांना ऑक्सफर्डने पदवी दिली, त्यांत डोरोथी होती. पाच वर्षं वाट पाहिल्यावर बी. ए. आणि एम. ए. अशा दोन्ही पदव्या तिला एकदमच मिळाल्या.

पण पदवीने पोट भरत नाही, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. तिने शाळेत शिकवून पाहिलं, पुस्तकं छापणाऱ्यांकडे काम करून पाहिलं. मन कुठेच रमेना. शेवटी 1922 साली लंडनच्या बेन्सन या जाहिरात कंपनीत ती लागली. पगार आठवड्याला 4 पौंड. काम काय, तर जाहिरातींचा मजकूर लिहायचा. आजच्या भाषेत कॉपीरायटर. लॅटिन आणि जुनी फ्रेंच काव्यं शिकलेली ही विदुषी आता मोहरीच्या पुडीवर चार ओळी खरडू लागली. आणि मैत्रिणींनो, तिला ते काम मनापासून आवडलं! मोहरीच्या जाहिरातीसाठी 1926 साली कंपनीने चक्क एक खोटा खोटा ‘मोहरी क्लब’ काढला. त्यात विनोदी नावांचे सभासद, त्यांचे कारनामे, बिल्ले असं सगळं होतं. लोकांना ते इतकं आवडलं की क्लब खराच असावा तसा गाजला. हे डोकं लढवणाऱ्यांत डोरोथी पुढे होती.

नोकरी सांभाळून ती रात्री कादंबरी लिहायची. 1923 साली तिची पहिली रहस्यकथा आली. तिचा नायक म्हणजे लॉर्ड पीटर विम्झी, गडगंज श्रीमंत आणि हौसेने गुन्हे उकलणारा. पुढे तिने हसत सांगून टाकलं होतं की आपल्याकडे पैसे नव्हते, म्हणून त्याच्यावर खर्च करायला हात सैल सोडला. स्वतः भाड्याच्या लहानशा जागेत राहायचं आणि नायकाला मात्र भारी गालिचा नि महागडी मोटार द्यायची. काय बिघडलं? कागदावर लिहायला कुठे पैसे पडतात!

आता ते रहस्य. एका लेखकावर तिचा जीव जडला होता, पण ते लग्नापर्यंत गेलं नाही. त्या दुखावलेल्या दिवसांत मोटारींच्या धंद्यातला एक माणूस तिच्या आयुष्यात आला. तिला दिवस गेले आणि मग कळलं की हा तर लग्नाचा आहे. काळ 1923 चा. बिनलग्नाच्या आईला तेव्हा तिथल्या समाजातही थारा नव्हता. घरी वडील धर्मोपदेशक. ऑफिसात कळलं तर नोकरी गेलीच म्हणून समजा. मग खायचं काय आणि बाळाला घालायचं काय?

डोरोथीने ही गोष्ट कुणालाही कळू दिली नाही. दिवस भरत आले तरी ती ऑफिसात जात राहिली. मग आजारपणाचं कारण सांगून आठ आठवड्यांची रजा घेतली. या अडचणीत तिच्या मदतीला कोण धावून आलं असेल? त्याच माणसाची बायको! तिने दूरच्या गावी बाळंतपणाची सोय लावून दिली. 3 जानेवारी 1924 रोजी डोरोथीला मुलगा झाला, जॉन अँथनी.

तिची आयव्ही नावाची एक मावसबहीण खेड्यात राहून लोकांची मुलं पैसे घेऊन सांभाळायची. डोरोथीने तिला आधी पत्र टाकलं ते एका मैत्रिणीच्या बाळाची चौकशी म्हणून. तिचा होकार आल्यावरच खरं सांगितलं की बाळ आपलं आहे. महिन्याभराचं लेकरू तिच्या ओटीत घातलं आणि ही बाई परत ऑफिसच्या टेबलाशी येऊन बसली. आठ आठवड्यांपूर्वी अर्धवट सोडलेलं काम तिने पुढे सुरू केलं. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यालाही काही कळलं नाही. बाळंतिणीचं अंग, दूध, बाळाची आठवण हे सगळं त्या टेबलाशी बसून तिने कसं सोसलं असेल, ते ज्या बाळंतपणानंतर कामावर रुजू झाल्यात त्यांनाच कळेल.

1926 साली तिने मॅक फ्लेमिंग नावाच्या घटस्फोटित पत्रकाराशी लग्न केलं. आता मुलाला घरी आणता येईल, असं तिला वाटलं असणार. पण नवऱ्याची तब्येत महायुद्धापासून ढासळलेली, त्यात स्वभाव तापट. मुलगा आयव्हीकडेच वाढला. पुढे दोघांचा दत्तक मुलगा म्हणून त्याला नवऱ्याचं आडनाव मिळालं, पण त्यांच्या घरी तो कायमचा राहायला कधी आला नाही. त्याच्यासाठी डोरोथी ही फक्त एक नात्यातली बाई होती. त्याचा खर्च तिने शेवटपर्यंत निभावला, पत्रं लिहिली, अभ्यासाची चौकशी केली. आई म्हणवून घेणं तेवढं राहिलं. तिचे आई-वडील 1928 आणि 1929 साली वारले. आपल्याला नातू आहे हे त्यांना कधीच कळलं नाही.

पुस्तकं खपू लागली तशी तिने नोकरी सोडली. सात वर्षांहून अधिक काळ तिने त्या ऑफिसात काढला होता. 1933 साली तिने त्याच ऑफिसावर कादंबरी लिहिली, ‘मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज’. एका जाहिरात कंपनीतला तरुण लोखंडी गोल जिन्यावरून पडून मरतो. सगळे म्हणतात अपघात. पण त्याच्या टेबलावर साहेबांना लिहिलेलं अर्धं पत्र सापडतं, ऑफिसात काहीतरी गडबड चालली आहे असं सुचवणारं. मग आपला लॉर्ड पीटर नाव बदलून तिथे जाहिरातींचा मजकूर लिहायला येतो. पगार आठवड्याला 4 पौंड, म्हणजे डोरोथीला मिळत होता तेवढाच! खुनी कोण ते मी सांगत नाही. पण वाचताना खरी मजा येते ती ऑफिसाची. टायपिस्ट पोरींच्या गप्पा, शर्यतीवर काढलेली वर्गणी, उनाड ऑफिसबॉय, एका शब्दावरून झालेलं भांडण, ऐनवेळी बदललेली जाहिरात. ऑफिस म्हणजे एक गाव असतं आणि तिथे प्रत्येकजण काहीतरी झाकून हसतमुखाने वावरत असतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

1935 च्या ‘गॉडी नाइट’ या कादंबरीत तर खूनच नाही. बायकांच्या कॉलेजात कुणीतरी निनावी घाणेरडी पत्रं पाठवतंय, एवढंच. पण त्यातून तिने एक मोठा प्रश्न विचारला. बाईने कामाशी इमान राखायचं की माणसांशी? दोन्ही जमतं का? त्याचं उत्तर सोपं आहे, असं तिने कुठेही भासवलेलं नाही.

पुढे तिने रहस्यकथा लिहिणं सोडलं. रेडिओसाठी येशूच्या जीवनावर नाटकं लिहिली. पन्नाशी उलटल्यावर मूळ इटालियनमधून दान्ते वाचायला घेतला आणि त्याच्या महाकाव्याच्या इंग्रजी भाषांतराला हात घातला. पहिला भाग 1949 साली आला, दुसरा 1955 साली. तिसरा पुरा व्हायच्या आत, 17 डिसेंबर 1957 रोजी, नाताळची खरेदी करून विदम गावातल्या घरी परतल्यावर ती अचानक गेली. उरलेला भाग तिच्या एका मैत्रिणीने पूर्ण केला.

मुलाला मोठेपणी जन्मदाखला पाहून खरं कळलं होतं. मृत्युपत्रात तिने सगळं त्याच्याच नावे ठेवलं होतं. जगाला मात्र हे 1975 साली कळलं, तेही तिच्या चरित्रातून.

तिचं चुकलं की बरोबर होतं, हे ठरवणारे आपण कोण? शंभर वर्षांपूर्वी तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. कामही राहील आणि लेकरूही, अशी वाट तिला कुणी ठेवली नव्हती. आज रजेचा अर्ज लिहिताना, पाळणाघरात बाळाला सोडून बस पकडताना आपला जीव खालीवर होतोच. तरी संध्याकाळी ते बाळ आपल्यालाच आई म्हणून हाक मारतं. ती हाक डोरोथीच्या वाट्याला आली नाही.