वनस्पतिशास्त्रज्ञा जानकी अम्मल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. यंदा त्यास किंचित मुरड घालून आम्ही एका मलबारी विदुषीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. केडगावच्या वाचकांस हे नाव कदाचित अपरिचित वाटेल. परंतु ज्या जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला, त्या जिल्ह्यातील घरांस उसाच्या कुळाचा शोध घेणारी स्त्री अगदीच परकी मानता येणार नाही.

एडवलेथ कक्कट जानकी अम्मल यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी तेल्लिचेरी येथे झाला. वडील न्यायखात्यात अधिकारी असून त्यांना बागेचा व पक्षिनिरीक्षणाचा मोठा नाद होता. कुटुंब तिय्या ज्ञातीचे. त्या काळच्या मलबारात ही ज्ञाती खालची गणली जाई. बहिणींचे विवाह एकामागून एक होत गेले. जानकीबाईंनी मात्र विवाहाऐवजी विद्येचा मार्ग पत्करला. मुलीने अजून शिकते म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडते, हे आम्ही आजही आपल्याच मंडळींत पाहतो. मग शंभर वर्षांपूर्वी काय स्थिती असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. मद्रासेतील शिक्षणानंतर काही काळ अध्यापन करून बार्बर शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या व १९३१ साली तेथील डॉक्टरची पदवी मिळविती झाल्या.

वनस्पतींचे वर्गीकरण म्हणजे पान, फूल, फळ पाहून नाव ठेवणे, अशी सामान्य समजूत असते. जानकीबाई त्याच्या आत शिरल्या. वनस्पतीच्या पेशीत गुणसूत्रे नावाचे सूक्ष्म धागे असतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजले असता कोणते झाड कोणाचे सगोत्र, याचा उलगडा होतो. १९३४ साली कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात रुजू झाल्यावर त्यांनी रानटी उसाच्या, म्हणजे काशतृणाच्या, गुणसूत्रांचा अभ्यास केला आणि निरनिराळ्या प्रदेशांतील काशाची गुणसूत्रसंख्या निरनिराळी असते हे दाखविले. उसाचा मक्याशी संकर त्यांनी साधला, तोही तेथेच. आपल्या जिल्ह्यातील पुंड्या ऊस मागे सारणारे कोइमतूरचे वाण त्यांनी निर्माण केले असे म्हणणे मात्र सत्यास धरून होणार नाही. ते श्रेय इतरांचे. ज्या रानटी सोयऱ्याच्या रक्ताने हे वाण काटक झाले, त्याची कुळकथा उलगडणे हे जानकीबाईंचे काम. त्या केंद्रात अविवाहित व मागास गणलेल्या ज्ञातीची स्त्री म्हणून त्या एकाकी पडल्या, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. झाडांच्या जाती सूक्ष्मदर्शकाखाली पारखणाऱ्या बाईंची पारख लोक जन्मावरून करीत होते!

१९४० पासून त्या लंडनच्या जॉन इनिस संस्थेत होत्या. बाँबवर्षावातही काम चालूच राहिले आणि १९४५ साली डार्लिंग्टन यांच्यासह लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा प्रचंड कोश त्यांनी प्रसिद्ध केला. पुढे विस्ली येथील उद्यानात कोल्चिसीन या द्रव्याने त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांची गुणसूत्रे दुप्पट केली. मॅग्नोलिया म्हणजे आपल्या कवठी चाफ्याचे कूळ. आणि कोल्चिसीन आपल्या कळलावीच्या कंदातही असते. त्यांच्या नावाचा एक मॅग्नोलिया आजही ओळखला जातो.

पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या १९५१ साली स्वदेशी परतल्या व भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पुनर्रचनेचे काम त्यांच्याकडे आले. इंग्रजी अमदानीत येथील वनस्पतींचे मोलाचे नमुने लंडनजवळच्या क्यू उद्यानात जाऊन पडत आणि भारतीय अभ्यासकास आपल्याच देशातील झाड ताडून पाहण्यास समुद्र ओलांडावा लागे. ही विद्या भारतीयांनी, भारतात, जिवंत झाडे पाहून आणि ती वापरणाऱ्या वनवासी लोकांचे ज्ञान जमेस धरून वाढवावी, असा जानकीबाईंचा आग्रह होता. आसामात शिलाँगपासून ३७ मैलांवरील एका दुर्मीळ मॅग्नोलियाच्या एकुलत्या एका झाडाच्या शोधार्थ त्या गेल्या, तो ते जळून खाक झालेले! १९५४ साली सर्वेक्षणाची पुनर्रचना झाली. पण धुरा त्यांच्याकडे न येता मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाव यांच्याकडे गेली. फादरांची विद्वत्ता निर्विवाद होती. तरीही सर्वेक्षण पुन्हा क्यूच्याच वळणावर गेले याचे शल्य जानकीबाईंस लागून राहिले, आणि आमच्या मते ते अगदीच अनाठायी नव्हते. त्याच पुनर्रचनेतून १९५५ साली पुण्यास पश्चिम विभागाचे कार्यालय स्थापन झाले. १९९९ साली आपल्या जिल्ह्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ निघाला, तोही याच सर्वेक्षणाच्या अभ्यासकांच्या हातून.

मानापमान मनात धरून त्या घरी बसल्या नाहीत. अलाहाबाद, जम्मू, आणि काही काळ तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र, असा त्यांचा प्रवास झाला. १९७० नंतर त्या मद्रास विद्यापीठाच्या मदुरवोयल येथील प्रयोगक्षेत्रावर औषधी वनस्पतींत रमल्या. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच सुमारास केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य जलविद्युत् धरणाखाली बुडणार असे दिसताच ऐंशी वर्षांच्या या बाई विरोधात उभ्या राहिल्या व तेथील झाडांच्या गुणसूत्रांची नोंद करण्यास सरसावल्या. धरण रद्द झाले. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी मदुरवोयल येथेच त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.