वाघाने स्वतःच स्वतःचा फोटो काढावा म्हणून या साहेबाने ८ वर्षं घालवली

आज ताडोब्याच्या गेटवर सकाळी सकाळी उभं राहिलं की काय दिसतं? जिप्सींची रांग आणि हातभर लांबीच्या लेन्सा. वाघ दिसला की पाच मिनिटांत दोनशे फोटो आणि दुपारपर्यंत इन्स्टावर रील.

पण १०० वर्षांपूर्वी वाघाचा फोटो म्हटलं की एकच चित्र डोळ्यासमोर यायचं. जमिनीवर आडवा पडलेला मेलेला वाघ, त्याच्या शेजारी बंदूक घेऊन उभा असलेला साहेब किंवा राजा, आणि मागे हाकारे घालणारी माणसं.

जिवंत वाघाचा, तोही त्याच्या स्वतःच्या जंगलात मोकळा फिरतानाचा फोटो ही जवळपास अशक्य गोष्ट होती. ती शक्य करून दाखवणाऱ्या माणसाचं नाव फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन. लोक त्यांना एफ. डब्ल्यू. चॅम्पियन म्हणून ओळखायचे.

चॅम्पियन यांचा जन्म १८९३ सालचा, इंग्लंडमधला. घरातच निसर्गाचं वेड होतं. वडील जॉर्ज चॅम्पियन नावाजलेले कीटक अभ्यासक होते. भाऊ हॅरी चॅम्पियनही पुढे भारतातच वन अधिकारी झाले आणि भारतातल्या जंगलांचे प्रकार ठरवण्याचं मोठं काम त्यांनी केलं. आजही वनखात्यात जंगलाचा प्रकार सांगताना त्यांच्याच वर्गीकरणाचा आधार घेतात.

फ्रेडरिक मात्र १९१३ मध्ये भारतात आले ते पोलीस खात्यात, पूर्व बंगालमध्ये. मधे पहिलं महायुद्ध आलं, ते सैन्यात गेले. युद्ध संपलं आणि मग त्यांना हवी तशी नोकरी मिळाली, ती म्हणजे संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात, वन अधिकाऱ्याची.

आता त्या काळात वन अधिकारी म्हणजे शिकार आलीच. वाघ मारणं हा मोठेपणा होता आणि सरकार वर बक्षीसही द्यायचं. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत भारतात ८० हजारांहून जास्त वाघ मारले गेले.

चॅम्पियन यांना या सगळ्याची आवड नव्हती. त्यांना वाघ जिवंत हवा होता. म्हणून त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा उचलला.

पण अडचणी एक का दोन?

पहिली अडचण उजेडाची. वाघ फिरतो मुख्यतः रात्री किंवा अगदी झुंजुमुंजू असताना. तेव्हाच्या काचेच्या प्लेटांना भरपूर उजेड लागायचा. झाडीच्या सावलीत फोटो घ्यायचा तर शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागणार, आणि तेवढ्यात वाघ हलला की फोटोत नुसता धूसर पट्टा.

दुसरी अडचण अंतराची. आजच्यासारख्या लांब पल्ल्याच्या लेन्सा नव्हत्या. चांगला फोटो हवा तर कॅमेरा वाघापासून काही फुटांवर पाहिजे. आणि माणूस तिथे बसला तर वाघ येणार नाही. आला तर फोटो काढायला माणूस राहील का, हा वेगळाच प्रश्न.

यावर उपाय एकच होता. माणसाने तिथे थांबायचंच नाही, फोटो वाघानेच काढायचा.

जनावराकडूनच फोटो काढून घ्यायची कल्पना तशी नवी नव्हती. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी रात्री हरणांचे असे फोटो मिळवले होते आणि १९०६ मध्ये नॅशनल जिओग्राफिक मासिकात ते गाजलेही होते. पण हरीण वेगळं आणि वाघ वेगळा.

चॅम्पियन यांची पद्धत अशी होती. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर एक बारीक तार आडवी बांधायची. बाजूला कॅमेरा लावायचा आणि तारेपर्यंतचं अंतर मोजून फोकस आधीच पक्का करायचा. शेजारी मॅग्नेशियमच्या पावडरीचा फ्लॅश. वाघाचा तारेला धक्का लागला की पावडर भपकन पेटायची, त्याच क्षणी शटर उघडायचं आणि प्लेटवर वाघ उमटायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण तारेला काही वाघ आणि सांबर यातला फरक कळत नाही. आधी साळिंदर गेलं तर फोटो साळिंदराचा. पावडर एकदा जळली की संपली, प्लेटही एकदाच वापरायची. म्हणजे एका कॅमेऱ्याला रात्रीत एकच संधी. त्यात दव पडलं की पावडर ओली. आणि प्लेट धुवून बघेपर्यंत काय मिळालंय याचा पत्ता नाही.

मग वाघ नेमका कुठून जाणार, हे कसं ओळखायचं?

चॅम्पियन यांचं खरं कसब इथे होतं. वाघाला काट्याकुट्यातून चालायला आवडत नाही. मऊ तळव्यांना सोपी पडेल अशी वाट तो धरतो, म्हणजे जंगलातला कच्चा रस्ता किंवा कोरड्या नदीची वाळू. तिथे पंजाचे ठसे उमटतात. ते रोज बघितले की कुठला वाघ कधी, कुठून आणि कुठे जातो याचा अंदाज येतो. चॅम्पियन यांनी शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलांत असे ठसे वाचत वर्षं घालवली. दिवसा हत्तीवर बसून फिरायचं, निरखायचं आणि जमेल तेव्हा हत्तीवरूनही फोटो घ्यायचे.

एक-दोन नाही, या खटाटोपात तब्बल ८ वर्षं गेली. आणि ३ ऑक्टोबर १९२५ ला लंडनच्या इलस्ट्रेटेड लंडन न्यूज या प्रसिद्ध साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर त्यांच्या वाघांचे फोटो झळकले. आपल्याच जंगलात मोकळ्या फिरणाऱ्या वाघाचे हे पहिले फोटो म्हणून ते छापले गेले.

पुढे १९२७ मध्ये त्यांचं वाघांच्या प्रदेशातल्या फोटोग्राफीवरचं पुस्तक आलं, १९३४ मध्ये दुसरं. बिबट्या, अस्वल, रानकुत्रा अशी कितीतरी जनावरं त्यांच्या कॅमेऱ्यात आली होती.

हे फोटो बघून एक नावाजलेला शिकारीही कॅमेऱ्याकडे वळला. त्याचं नाव जिम कॉर्बेट. आपल्याला ही प्रेरणा चॅम्पियन यांच्या फोटोंनी दिली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

चॅम्पियन नुसते फोटो काढून थांबले नाहीत. बंदुकीचे परवाने कमी करा, राखीव जंगलात मोटारी सोडू नका, जनावरं मारण्याची बक्षिसं कमी करा, अशी त्यांची मागणी होती. मोटारीत बसून शिकार करणं तेव्हा सोपं झालं होतं, म्हणून हा आग्रह. १९३६ मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांमध्ये कॉर्बेट यांच्यासोबत चॅम्पियनही होते. तेव्हा त्याचं नाव हेली नॅशनल पार्क होतं. पुढे त्याला कॉर्बेट यांचं नाव मिळालं. चॅम्पियन यांचं नाव मात्र मागे पडलं.

१९४७ नंतर ते पूर्व आफ्रिकेत वन अधिकारी म्हणून गेले आणि १९७० मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांचं निधन झालं.

पण त्यांची सगळ्यात मोठी देणगी अजून सांगायची राहिली. एकाच ठिकाणाहून, एका बाजूने घेतलेले फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. आपल्या बोटांच्या ठशांसारखेच. म्हणजे फोटोवरून वाघ ओळखता येतो.

पुढे १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत शास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी याच गोष्टीच्या आधारे कॅमेरा ट्रॅप लावून वाघ मोजायला सुरुवात केली. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. तारेच्या जागी सेन्सर आला, काचेच्या प्लेटच्या जागी मेमरी कार्ड आलं. पण वाट ओळखायची, कॅमेरा लावायचा आणि आपण निघून जायचं, ही पद्धत तीच. ताडोब्यातल्या वाघांची मोजणीही अशीच होते.

त्यामुळे पुढच्या सफारीत वाघ दिसला नाही म्हणून गाईडवर चिडण्याआधी खाली रस्त्यावरच्या मातीकडे जरा बघा. ठसे दिसले तर समजा, वाघ रात्री इथूनच गेलाय. चॅम्पियन साहेबांनी ८ वर्षं तेच वाचलं होतं.