शेजारच्या खुर्चीतल्या बाई

माझी नात दुसरीत आहे. तिच्या वर्गात एक मुलगा आहे. तो फारसा बोलत नाही, गलका वाढला की कानांवर हात ठेवतो, आणि त्याच्या बाकाला लागून ठेवलेल्या छोट्या खुर्चीवर रोज एक ताई बसते. शाळेत तिला शॅडो टीचर म्हणतात. ही ताई स्वतःही अजून शिकतेच आहे; सकाळी या मुलासोबत वर्गात, दुपारी आपल्या कॉलेजात. गेल्या महिन्यात प्रगतिपुस्तकं मिळाली, तेव्हा घरी येताना नातीने मला विचारलं, की त्या ताईलाही प्रगतिपुस्तक मिळतं का, आणि मिळत असेल तर त्यावर नाव कुणाचं असतं.

बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणत्याही प्रश्नावर नियम दाखवायची सवय असते. या प्रश्नाला काही नियम सापडेना. रात्री जेवणं आटोपल्यावर झोपाळ्यावर बसलो असताना एक नाव आठवलं. ॲन सलिव्हन.

हेलन केलर आपल्या सगळ्यांना ठाऊक असते. दिसत नाही, ऐकू येत नाही, तरी शिकून जगप्रसिद्ध झालेली ती अमेरिकन मुलगी. पंपाचं पाणी हातावर पडलं आणि तिला भाषा उमगली, ही गोष्ट कित्येकांनी शाळेत ऐकली असेल. २००५ साली हिंदीत ‘ब्लॅक’ हा सिनेमा आला, तोही तिच्याच आयुष्यावरून सुचलेला. गोष्ट सहसा त्या पंपापाशी संपते. मला मात्र त्यानंतरची सतरा वर्षं जास्त ओढून घेतात. त्या वर्षांत ॲनने हेलनच्या शेजारी बसून जे केलं, त्या कामाला तेव्हा धड नावही नव्हतं.

ॲनचा जन्म १४ एप्रिल १८६६चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फीडिंग हिल्स या गावातला. आईवडील आयर्लंडहून पोटासाठी आलेले. पाचेक वर्षांची असताना तिचे डोळे ट्रॅकोमाने, म्हणजे आपल्याकडे ज्याला खुपऱ्या म्हणतात त्या रोगाने, अधू झाले. आठेक वर्षांची असताना आई गेली. वडिलांनी मुलांची जबाबदारी टाकली. १८७६च्या फेब्रुवारीत ॲन आणि तिचा धाकटा भाऊ जिमी यांची रवानगी ट्यूक्सबरी इथल्या निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात झाली. तिथे वेडे, आजारी, म्हातारे, पोरके असे सगळेच एकत्र कोंबलेले. जिमीच्या कमरेच्या सांध्याला क्षय होता. काही महिन्यांतच तो गेला.

दहा वर्षांच्या, नीट न दिसणाऱ्या त्या मुलीने तिथे चार वर्षांहून जास्त काळ काढला. अंधांसाठी शाळा असते, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. १८८० साली तपासणीसाठी काही बडी मंडळी आली, तेव्हा ही त्यांच्या मागे धावत गेली आणि मला शाळेत जायचंय म्हणून ओरडली. त्या एका ओरडण्यावर तिला बोस्टनच्या पर्किन्स संस्थेत प्रवेश मिळाला. चौदाव्या वर्षी तिची अक्षरांशी पहिली ओळख झाली. वर्गातल्या मुली हसत. ती रागीट होती, उलट बोलायची. पुढे डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि तिला बऱ्यापैकी वाचता येऊ लागलं. १८८६ साली ती वर्गात पहिली येऊन बाहेर पडली.

पर्किन्समध्ये तेव्हा लॉरा ब्रिजमन नावाच्या प्रौढ बाई राहत होत्या. त्यांना दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. समोरच्याने त्यांच्या तळहातावर बोटांनी एकेक अक्षर काढायचं, तेव्हा संभाषण व्हायचं. लॉराबाईंशी बोलता यावं म्हणून ॲन ही बोटांची लिपी शिकली. हे काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. एक विद्यार्थिनी दुसऱ्या एकट्या पडलेल्या बाईंशी गप्पा मारायला शिकली, इतकंच. पुढचं सगळं या गप्पांतून उभं राहिलं.

दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात, टस्कंबिया गावात, केलर कुटुंबाची मुलगी एकोणीस महिन्यांची असताना आजारात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावून बसली होती. तिच्या वडिलांनी पर्किन्सकडे शिक्षिकेची विचारणा केली. संस्थेच्या संचालकांनी ॲनचं नाव सुचवलं. ३ मार्च १८८७ रोजी वीस वर्षांची ॲन तिथे पोचली. सोबत एक बाहुली होती. पर्किन्सच्या मुलींनी ती हेलनसाठी दिली होती आणि बाहुलीचे कपडे लॉराबाईंनी स्वतः शिवले होते.

हेलन तेव्हा पावणेसात वर्षांची. जेवणाच्या टेबलाभोवती फिरून प्रत्येकाच्या ताटात हात घालायची. घरची माणसं दयेपोटी घालू द्यायची. ॲनने ते बंद केलं. पहिली मोठी लढाई झाली ती चमच्याने जेवण्यावरून आणि जेवणानंतर रुमालाची घडी घालण्यावरून. तिला भरवणं सोपं होतं. ॲनने ते केलं नाही. हेलनने फेकलेला चमचा तिने तिलाच उचलायला लावला आणि तिच्या हातात तो धरून त्यानेच जेवायला लावलं. घरच्यांना हा कठोरपणा वाटला. मग आवारातल्या एका छोट्या घरात दोघी काही दिवस वेगळ्या राहिल्या. ५ एप्रिलला पंपाचा तो प्रसंग घडला. एका हातावर पाणी पडत होतं आणि दुसऱ्या हातावर ॲनची बोटं पाणी हा शब्द लिहीत होती. त्यानंतर काही तासांत हेलन तीसेक शब्द शिकली.

मग ॲनने ठरावीक धडे द्यायचं सोडून दिलं. हेलनचं सव्वा वर्षाचं एक चुलत भावंड होतं. ते बोलायला कसं शिकतं, हे ॲन पाहत होती. त्याला कुणी एकेक शब्द घोटून शिकवत नव्हतं. आजूबाजूचं बोलणं कानावर पडून ते शिकत होतं. हेलनच्या कानांचं काम तिचा तळहात करणार होता. म्हणून ॲन दिवसभर त्या हातावर पुरी वाक्यं बोलत राहिली, समजो न समजो. हेलन तिला जन्मभर टीचरच म्हणाली; आपल्याकडच्या बाई या हाकेसारखंच ते.

इथून पुढे गोष्टीला दुसरी बाजू येते. एकाच्या हाताने दुसरा बोलू लागला, की बोलणं नक्की कुणाचं, ही शंका लोकांना येते. अकरा वर्षांच्या हेलनने एक गोष्ट लिहून पर्किन्सच्या संचालकांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. ती छापली गेली. मग ध्यानात आलं, की दुसऱ्या एका लेखिकेच्या छापील कथेशी ती फारच जुळते. तीनेक वर्षांपूर्वी ती कथा कुणीतरी हेलनच्या हातावर वाचून दाखवली होती. कथा मनात राहिली आणि ती कुणाची हे पुसलं गेलं. १८९२ साली या प्रकरणाची संस्थेत चौकशी झाली. ॲनला खोलीबाहेर पाठवून मंडळींनी त्या पोरीला एकटीलाच प्रश्न विचारले. हेलनवरचा आरोप सिद्ध झाला नाही, पण ॲनवरचा संशयही पुरता गेला नाही.

या संशयाबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण एकदा तो माझ्या बाबतीत खरा ठरला असता. मी नववीत असताना आमच्या तालुक्याच्या गावी दहावीतल्या एका अंध मुलाचा लेखनिक म्हणून बसलो होतो. तो सांगायचा, मी लिहायचो. इतिहासाच्या पेपरात त्याने एक साल चुकीचं सांगितलं. मला खरं साल माहीत होतं. मी ते लिहून टाकलं. आपण त्याचं भलंच करतो आहोत, असं मला वाटलं. शेवटी वेळ उरला, तेव्हा त्याने उत्तरं वाचून दाखवायला सांगितली. त्या सालापाशी तो थांबला, आणि हे मी सांगितलेलं नाही, खोडून माझं लिही, असं म्हणाला. मी खोडलं. त्याचा एक गुण गेला असेल. पण त्या दिवशी खाली मान घालून शाळेबाहेर पडलो तो मी. पुढे बँकेत सही न येणाऱ्या कितीतरी खातेदारांचे अंगठे मी घेतले. मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला, असं लिहून खाली स्वतःची सही करताना तो मुलगा मला दर वेळी आठवायचा.

ॲनची परीक्षा माझ्यापेक्षा फार मोठी होती. १८९६ साली हेलन केंब्रिजच्या एका मुलींच्या शाळेत दाखल झाली. डोळस, ऐकू येणाऱ्या मुलींबरोबर ती पहिल्यांदाच शिकत होती. ॲन प्रत्येक तासाला शेजारी बसून शिकवलेलं तिच्या हातावर उतरवायची. त्या शाळेत बोटांची लिपी शिकले ते दोघेच, जर्मन शिकवणाऱ्या बाई आणि मुख्याध्यापक आर्थर गिल्मन. याच गिल्मनना पुढे वाटू लागलं, की ॲन मुलीवर अभ्यासाचं फार ओझं टाकते आहे. १८९७च्या अखेरीस त्यांनी दोघींना वेगळं करायचा प्रयत्न केला. हेलनने साफ नकार दिला. तिची आई येऊन ॲनच्या बाजूने उभी राहिली. हेलनने ती शाळाच सोडली आणि खासगी शिकवणीवर तयारी केली.

१९०० साली हेलनने रॅडक्लिफ कॉलेजात प्रवेश घेतला. व्याख्यानाच्या वेळी तिचा हात ऐकण्यात गुंतलेला, त्यामुळे तिला टिपणं काढता येत नसत. घरी येऊन जेवढं आठवेल तेवढं ती टंकयंत्रावर उतरवायची. नेमलेली पुस्तकं ब्रेलमध्ये क्वचितच मिळत. मग तीही ॲननेच वाचायची आणि हातावर लिहायची, तासन् तास. परीक्षेच्या वेळी मात्र ॲनला शेजारी बसायची मुभा नव्हती. पेपर उतरवून द्यायला वेगळा माणूस असे.

हे सगळं वाचत होते ते खुपऱ्यांनी आधीच पोखरलेले डोळे. डॉक्टरांनी धोक्याची सूचना दिली होती. हेलनला ते कळलं. त्यानंतर एखादा उतारा पुन्हा वाचू का, असं ॲनने विचारलं की हेलन नको म्हणायची, सगळं लक्षात आहे असं सांगायची. ते खरं नसायचं. या दोघींच्या आयुष्यातला हा प्रसंग मला पंपाच्या प्रसंगाहून मोठा वाटतो. तोवर मदत एकाच दिशेने वाहत होती. इथे शिष्येने बाईंचे डोळे वाचवण्यासाठी आपला अभ्यास कच्चा ठेवला.

जून १९०४ मध्ये हेलन पदवीधर झाली. अंध-बधिर व्यक्तीने बी. ए. होण्याची ती पहिलीच वेळ. चारही वर्षं प्रत्येक व्याख्यानाला बसलेल्या, प्रत्येक पुस्तक वाचलेल्या ॲनला काही मिळालं नाही. तिने परीक्षाच दिली नव्हती, तेव्हा कॉलेजचा नियम चुकला असं कुणी म्हणणार नाही. टेंपल विद्यापीठाने तिला सन्मान्य पदवी दिली ती १९३२ साली. त्याआधी ती घ्यायलाही ती तयार नव्हती.

मधल्या काळात तिने जॉन मेसी या लेखकाशी लग्न केलं. ते फार टिकलं नाही. पैशासाठी दोघींनी रंगमंचावर कार्यक्रमही केले. ॲनची नजर विझत गेली आणि अखेरीस ती जवळजवळ पूर्ण अंध झाली. २० ऑक्टोबर १९३६ रोजी ती गेली, तेव्हा तिचा हात हेलनच्या हातात होता.

आता हेलनचं कसं व्हायचं, असं पुष्कळांना वाटलं. खरा हिशेब तिथे लागला. हेलन त्यानंतर आणखी ३१ वर्षं जगली. तिने पुस्तकं लिहिली, देशोदेशी अंधांसाठी फिरली, १९५५ साली आपल्याकडे भारतातही येऊन गेली. तेव्हा तिच्यासोबत पॉली थॉमसन होत्या. शेजारची खुर्ची रिकामी कधीच राहिली नाही, आणि ती रिकामी व्हायला हवी असंही नाही. पण माणूस बदलला तरी बोलणारी हेलनच राहिली. शब्द बाईंचे असते, तर ते १९३६ सालीच थांबले असते.

आपल्याकडे २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. अशी मुलं इतरांबरोबर एकाच वर्गात शिकावीत, हे त्यात आलं. पण कायदा वर्गाचं दार उघडतो. आत शेजारी कोण बसणार, त्याला काय शिकवलेलं असणार आणि काय मिळणार, हे बहुतेक वेळा आईबाप आपापल्या परीने निस्तरत असतात.

नातीला मी रुमालाच्या घडीची गोष्ट सांगितली. तिला ती फारशी आवडली नाही, बाहुलीची आवडली. परवा मात्र ती शाळेतून जरा काळजीतच आली. ताईची खुर्ची आता त्या मुलाच्या शेजारी नाही, एक बाक मागे ठेवली आहे. ताईला शिक्षा झाली का, असं तिचं विचारणं होतं. मी विचारलं, की मग तो मुलगा काय करतो? ती म्हणाली, की काही नाही, आज त्याने डबा स्वतःच उघडला.

मी तिला सांगितलं, ताईचं प्रगतिपुस्तक आलं बरं का.