नाट्याचार्य देवल आणि संशयाचे हसे

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. नाट्याचार्य गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १८५५ साली याच गावी झाला. पुढे बेळगावला अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला आणि ते रंगभूमीचेच झाले. त्यांची 'शारदा' (१८९९) सर्वांना ठाऊक आहे; मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे.

१८९० साली देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले. शेक्सपिअरच्या मूळ नाटकात एका रुमालापायी नवरा बायकोचा जीव घेतो. पुढे तीनच वर्षांनी 'फाल्गुनराव' आले. रोग तोच, संशयाचा! रस्त्यात मूर्च्छा आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतात, ते कृत्तिका पाहते. रेवतीजवळची पडलेली तसबीर कृत्तिका उचलते, ते फाल्गुनराव पाहतात. झाले! दोघेही पेटतात आणि आपण पोट धरून हसतो. मूळ कल्पना फ्रान्सच्या मोलिएरची; पण पात्रांना नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी ती अशी आपली केली की परकी वाटतच नाही.

आमच्या सातारा भागात उशीर का झाला, पैसे कुठे गेले, यावरून घरोघर भांडी आपटतात. आमच्याही घरी. सुटीत मी आईवडिलांना ही तसबिरीची गोष्ट सांगितली. वडील आधी गप्प होते. मग आईकडे पाहून त्यांना जे हसू फुटले, ते आवरेना. तिलाही.

याच नाटकाचे पुढे 'संगीत संशयकल्लोळ' झाले. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ साली रंगभूमीवर आणले. देवल त्याच वर्षी १४ जूनला वारले होते. तो प्रयोग त्यांना पाहता आला नाही.