डॉ. भाऊ दाजी लाड आणि गिरनारचा शिलालेख

आपल्या सारस्वत ज्ञातीतील थोर पुरुषांची गणना सुरू झाली की डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव हटकून निघते. निष्णात धन्वंतरी, विद्वान संशोधक, मुंबईचे शेरीफ, एवढ्या तीन बिरुदांवर त्यांची बोळवण होते आणि पुढचे नाव घेतले जाते. याला स्मरण म्हणावे की विस्मरण, असा प्रश्न प्रस्तुत लेखकास अनेकदा पडला आहे. भाऊंच्या बाबतीत तो विशेष बोचतो. लोकांच्या स्मृतीतून पुसली गेलेली माणसे शोधून काढण्यात त्यांनी आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली होती.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल. जन्म गोमंतकात, पेडणे महालातील मांद्रे गावचा. घरची गरिबी, बालपणीच कुटुंब मुंबईस आले. बुद्धिबळातील त्यांची चमक गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांच्या नजरेस पडली आणि मुलास इंग्रजी शिकविण्याचा सल्ला वडिलांस मिळाला, असे सांगतात. पुढे एल्फिन्स्टनमधील शिक्षण, बालहत्येच्या चालीवरील पारितोषिकप्राप्त निबंध, आणि 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडताच तेथे प्रवेश. 1851 मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ होते. व्यवसायात पैसा मिळाला, पण गोरगरिबांवर ते मोफत उपचार करीत, आणि कुष्ठरोगावरील औषधासाठी त्यांनी पुष्कळ परिश्रम घेतले. 1862 च्या प्रसिद्ध महाराज खटल्यात धर्मगुरूंविरुद्ध साक्ष देण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले. मुलींच्या शाळा, बॉम्बे असोसिएशन, दोन वेळची शेरीफपदाची वस्त्रे, हे सर्व आपल्या वाचकांस ठाऊक आहेच.

गिरनारचे प्रकरण मात्र तितके ठाऊक नाही. जुनागढच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तीवर अशोकाच्या आज्ञा, त्यानंतर क्षत्रप रुद्रदामनाचा इ. स. 150 चा लेख, आणि अखेर गुप्त सम्राट स्कंदगुप्ताचा पाचव्या शतकातील लेख, असे तीन काळ एकाच पाषाणावर नांदत आहेत. शेजारून शतकानुशतके यात्रेकरू जात असत. परंतु ती अक्षरे वाचणारा कोणी उरला नव्हता. जेम्स प्रिन्सेप यांनी 1837 च्या सुमारास ब्राह्मी लिपीची किल्ली शोधली व रुद्रदामनाचा लेख उलगडला. भाऊंनी त्याचे अधिक शुद्ध वाचन केले आणि स्कंदगुप्ताचा लेख प्रथमच अनुवादासह विद्वानांपुढे ठेवला.

या दोन लेखांत एका तळ्याची कथा आहे. सुदर्शन हे त्याचे नाव. चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी वैश्य पुष्यगुप्त याने ते बांधविले, अशोकाच्या काळी तुषास्फाने त्यास कालवे जोडले. पुढे वादळी पावसात बांध फुटला, तो रुद्रदामनाचा अमात्य सुविशाख याने नवा केला. स्कंदगुप्ताच्या अमदानीत पुन्हा फुटला, तेव्हा चक्रपालिताने तो सावरला. रुद्रदामनाच्या लेखकास साडेचारशे वर्षांपूर्वीच्या बांधकाम करणाऱ्याचे नाव माहीत होते, हे वाचून मन थक्क होते. म्हणजे तोवर कोणीतरी, बहुधा राजदप्तरात, ती आठवण जपली होती. पुढे दप्तर गेले, तळेही गेले, आणि पुष्यगुप्ताचे नाव एका दगडाखेरीज कोठेही राहिले नाही. आपल्याकडील लेण्यांचीही हीच गत. नाशिकच्या लेण्यांत दान देणाऱ्या राजांची व सामान्य माणसांची नावे स्पष्ट कोरलेली असताना लोकांनी ती पांडवांच्या नावे करून टाकली.

आर्यभटाच्या ग्रंथाचीही हस्तलिखिते भाऊंनी मिळविली, आणि नाव आर्यभट्ट नसून आर्यभट आहे हे दाखवून दिले. तरी आज सुशिक्षितही भट्टच म्हणतात!

येथे एक गोष्ट ज्ञातीच्या अभिमानास न रुचणारी असली तरी सांगितली पाहिजे. स्कंदगुप्ताच्या लेखाचा कापडावरील ठसा जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाने घेतला होता. भाऊंनी त्याला मुंबईस आणले, देशभर शिलालेखांच्या शोधार्थ धाडले, आणि तो पुढे स्वतः थोर पुराविद झाला. आपल्या गौरवलेखांत त्याचे नाव सहसा येत नाही. पुष्यगुप्तास विसरणाऱ्या लोकांना दोष देताना हे ध्यानी ठेवलेले बरे.

भाऊ 1874 मध्ये निवर्तले. त्यांचे विखुरलेले निबंध एकत्र करून 1888 मध्ये ग्रंथरूपाने छापले ते कलकत्त्यास, रामचंद्र घोष या बंगाली गृहस्थांनी. मराठीत त्यांचे सविस्तर चरित्र लिहिले अ. का. प्रियोळकर यांनी, 1971 मध्ये. मध्यंतरी जवळजवळ एक शतक लोटले होते.

भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी भाऊ व जगन्नाथ शंकरशेट यांनी खटपट करून निधी उभारला. इमारत 1872 मध्ये खुली झाली, परंतु तीवर नाव चढले ते व्हिक्टोरिया व अल्बर्ट यांचे. 1975 मध्ये तिला भाऊंचे नाव मिळाले. नंतरही वास्तू कैक वर्षे जीर्णावस्थेत होती. जीर्णोद्धार होऊन 2008 मध्ये ती पुन्हा उघडली. आता ती पाहण्यासारखी झाली आहे. सभासदांनी मुलाबाळांसह अवश्य जावे. मात्र वाट विचारताना भाऊंचे नाव सांगून उपयोग नाही, शेजारच्या उद्यानाचे वीरमाता जिजाबाई हे नावही चटकन उमगत नाही. राणीची बाग म्हणावे, म्हणजे कोणीही बोट दाखवितो.