मीनाकार फाबर्जे

जयपूरच्या दागिन्यांवर लाल, हिरवे असे चमकदार रंग तुम्ही पाहिले असतील. या कामाला मीनाकारी म्हणतात. मीना म्हणजे खरे तर रंगीत काचच. ही काच सोन्याचांदीवर चढवण्याच्या कलेत रशियातील कार्ल फाबर्जे यांनी मोठे नाव मिळवले.

फाबर्जे यांचा जन्म १८४६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. त्यांचे पूर्वज फ्रान्सचे. धर्मावरून छळ होऊ लागल्यामुळे सतराव्या शतकात त्यांनी देश सोडला होता. वडील गुस्ताव यांचे जवाहिऱ्याचे दुकान होते. तरुणपणी कार्ल हर्मिटेज या राजसंग्रहालयात जात आणि तेथील जुने दागिने मोबदला न घेता दुरुस्त करून देत. जुन्या कारागिरांचे काम जवळून पाहायला मिळे, हीच त्यांची कमाई!

मीनाकारीचे काम फार नाजूक असते. काचेची बारीक पूड पाण्यात कालवून धातूवर पातळ थर देतात. मग ती वस्तू सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत घालतात. काच वितळून धातूला घट्ट चिकटते. एक थर झाला, की दुसरा, मग तिसरा. प्रत्येक वेळी पुन्हा भट्टी! थोडे चुकले तर मीन्याला तडा जातो आणि सारी मेहनत वाया जाते. फाबर्जे यांच्या कारखान्यात आधी यंत्राने धातूवर लाटांसारख्या बारीक रेघा कोरत. त्यावर पारदर्शक मीना चढवला, की आतल्या रेघा पाण्याखालच्या लाटांसारख्या चमकत. त्यांच्याकडे मीन्याच्या शंभराहून अधिक छटा होत्या.

१८८५ साली झार तिसरा अलेक्झांडर याने ईस्टरच्या सणासाठी राणीला द्यायची भेट त्यांच्याकडून बनवून घेतली. वरून ते साधे पांढरे अंडे दिसे. पण ते होते सोन्याचे, वर पांढरा मीना. उघडले, की आत सोन्याचा बलक आणि बलकात सोन्याची कोंबडी! पुढे राजघराण्यासाठी अशी पन्नास अंडी तयार झाली. १८९७ च्या अंड्यावर राणीच्या राज्याभिषेकाच्या पोशाखासारखा सोनेरी पिवळा मीना आहे. त्यात बोटभर लांबीची शाही बग्गी आहे. ती करायला सुमारे पंधरा महिने लागले.

ही कामे फाबर्जे स्वतःच्या हातांनी करत नसत. त्यांच्याकडे शेकडो कारागीर होते. नमुना ते पसंत करत आणि तयार वस्तू बारकाईने तपासत. पेर्खिन, विगस्ट्रॉम यांसारखे उस्ताद कारागीर आपल्या कामावर स्वतःच्या नावाची अक्षरे उमटवत. मालकाने त्यांना ही मुभा दिली, हे मला अंड्यांइतकेच मोलाचे वाटते.

पहिल्या महायुद्धात सोने बाजूला पडले. कारखान्यात तांब्यापितळेच्या वस्तू आणि लष्कराचे सामान होऊ लागले. १९१७ साली क्रांती झाली आणि झारची सत्ता गेली. १९१८ साली नव्या सरकारने कारखाना ताब्यात घेतला. बहात्तर वर्षांचे फाबर्जे देश सोडून आधी रीगाला, मग जर्मनीत आणि शेवटी स्वित्झर्लंडला गेले. सप्टेंबर १९२० मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या मुलाने त्यांच्या अस्थी कान येथे आईच्या कबरीत ठेवल्या. हे गाव फ्रान्समध्ये आहे.