योहेई सुशीवाला

सुशीची कुळकथा वाचताना मी आधी अडकलो तो एका सावकारी पेढीपाशी. हानाया योहेईचा जन्म १७९९ चा. लहानपणीच तो एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, कुरामाए भागातल्या एका फुदासाशीकडे कामाला लागला. हे फुदासाशी म्हणजे तांदळाचे दलाल. सामुराईंचा पगार सरकारी कोठारातून तांदळात मिळे. दलाल तो विकून रोकड देत आणि पुढच्या हप्त्यांच्या तारणावर कर्जही देत. कमरेला दोन तलवारी आणि डोक्यावर कर्ज! शेवटी १७८९ मध्ये शोगुनाच्या सरकारने ही जुनी कर्जे एका हुकमाने बुडीत काढली. आयुष्य बँकेत गेलेल्या माझ्यासारख्याला त्या दिवशी पेढ्यांवर काय कळा पसरली असेल, हे सांगावे लागत नाही.

पेढी सोडल्यावर योहेई काही काळाने सुशीकडे वळला. त्या काळची सुशी मात्र वेगळी. मुळात तो मासे टिकवण्याचा प्रकार. खारवलेला मासा शिजवलेल्या भातात महिनोन् महिने दाबून ठेवायचा आणि आंबलेला भात फेकून द्यायचा. पुढे भातात शिरका घालून आंबवण्याचा वेळ वाचवला गेला. तरी लाकडी साच्यात दडपून ठेवणे चालूच होते. १८०४ पासून हांदा गावचा नाकानो माताझाएमोन साके गाळून उरलेल्या चोथ्याचा स्वस्त शिरका करू लागला, तो एदोत चांगलाच खपला.

दडपल्याने माशाचा रस निघून जातो, हे योहेईला रुचेना, असे त्याच्या घराण्यात सांगत. त्याने साचाच बाजूला ठेवला. शिरक्याच्या भाताचा मुटका हातात वळायचा, किंचित वासाबी लावायची, वर माशाचा तुकडा ठेवून बोटांनी दाबायचे, की झाले. निगिरी या शब्दाचा अर्थही मुठीत दाबलेले असाच. हा मान काहीजण साकाइया मात्सुगोरोला देतात. माझ्या मते एवढ्या मोठ्या शहरात एकच कल्पना दोघांना सुचणे अगदी शक्य आहे.

योहेई आधी पेटी घेऊन रात्री फिरून विके, मग त्याने गाडा टाकला आणि १८२४ च्या सुमारास र्‍योगोकूला दुकान काढले. जागा मोठी नामी! सुमिदा नदीवरचा पूल, उन्हाळ्यात नावांची दाटी, आकाशात दारूकाम, तमाशे, चहाची दुकाने. जवळच्या एको-इन मंदिराच्या आवारात सुमोच्या कुस्त्या. रोजचीच जत्रा म्हणा ना. अशा गर्दीला बसून जेवायला सवड कुठली? एदोच्या सुशीच्या गाड्यांवर लोक उभ्याउभ्याच खात. तेव्हाचा मुटका आजच्या दुप्पट-तिप्पट, दोन-तीन खाल्ले की पोट भरे. सोया सॉसचे भांडे सगळ्यांत एक, आणि बोटे पुसायची ती जाताना गाड्याच्या पडद्याला. पडदा जितका मळका तितका गाडा नावाजलेला, असा हिशेब होता म्हणे. आपल्या आयांनी हे ऐकले तर पोरांना त्या पुलावर पाऊल टाकू देणार नाहीत.

योहेईचे नाव झाले, तसा त्याचा मालही महागला. आणि इथेच घात झाला. १८४१ मध्ये मिझुनो तादाकुनी या मंत्र्याने काटकसरीच्या सुधारणा सुरू केल्या. रेशमी कपडे, नाटके, उंची खाणे, सर्वांवर बडगा. महाग सुशी विकल्याबद्दल दोनशेंहून अधिक सुशीवाल्यांच्या हातांत बेड्या पडल्या, असे सांगतात. त्यांत योहेई होता आणि मात्सुगोरोही. ज्यांचे पोटच हातांवर, त्यांचेच हात बांधले! दुष्काळाने गांजलेल्या देशात काटकसर हवी होती, हे मी मान्य करतो. पण सामुराईंची कर्जे माफ करणाऱ्या सरकारला सामान्यांच्या घासातली चैन तेवढी खुपावी, याचा मला आजही राग येतो.

१८४३ मध्ये मिझुनोचीच खुर्ची गेली. सुशी राहिली. योहेई १८५८ मध्ये वारला. त्याचे दुकान १९३० च्या सुमारास बंद पडले. १९२३ च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाले, तेव्हा कितीतरी सुशीवाले आपापल्या गावी परतले आणि हा मुटका जपानभर पोचला. १९५८ मध्ये ओसाकाजवळ शिराइशी योशिआकीने फिरत्या पट्ट्यावर बश्या सोडल्या, आणि पोराबाळांसह गलका करत सुशी खाणारी कुटुंबे तिथे रांगा लावू लागली.